दार असलेली खोली

जांभळीटोला
२५ नोव्हेंबर २००१

चि. सौ. आचल हीस,
सासूचा आशीर्वाद.

तुझी दिवाळी अजून संपलेली दिसत नाही. आमची इकडे कधीच संपली. फराळाचे डबे धुऊन पालथे झाले, धान कापून झालं, मळणी झाली, माजघरातली धानाची उंच ढोली गळ्यापर्यंत भरली. गावात जो भेटतो तो विचारतो, सून आली का? मी सांगते, तिच्या आईची तब्येत बरी नाही. तुझ्या आईला मी उगाच आजारी पाडलं आहे, तिला सांगू नकोस. पण आणखी किती दिवस आजारी ठेवू तेवढं कळव.

प्रफुल दर रविवारी बल्लारपूरला तुझ्याकडे येतो आणि परत येताना तोंड शिवून येतो. विचारलं तर म्हणतो, "काई नाई." मग तलावावर निघून जातो. तिथे त्याचे बाबा जाळं विणत बसलेले असतात, तेही काही बोलत नाहीत. दोघे बापलेक मिळून माशांसारखे गप्प असतात आणि बोलायचं सगळं काम माझ्याकडे येतं. म्हणून हे पत्र.

तू कोलूबाबाची गोष्ट मनात धरून बसली आहेस हे मला माहीत आहे. तो म्हातारा उसनं धान मागायला आला, सवयीने ढोलीपाशी गेला आणि तू ढोलीमागे लुगडं बदलत होतीस. झालं ते झालं. मी तेव्हा हसले, कारण त्याला पाच हातांवरची म्हैस दिसत नाही. तू हसली नाहीस. दोन दिवसांनी दिवाळीला म्हणून गेलीस ती गेलीसच. बाई ग, आमच्या या घरात भिंत कमी आणि माणसं जास्त, असंच चालत आलं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या लांबलचक माजघरात सासू, सासरे, दोन नणंदा, एक दीर आणि आम्ही दोघे. ढोली हीच आमची भिंत होती. उन्हाळ्यात ती रिकामी झाली की बाहेर उन्हात टाकायचे आणि मग तीही नसायची. मी कुठे माहेरी जाऊन बसले?

पण असू दे. मिलच्या क्वार्टरात वाढलेल्या पोरीची सवय वेगळी हे मला कळतं. म्हणून घर नीट करायचं ठरवलं आहे. प्रफुलने चामोर्शीच्या सलूनमधून एक जुना मासिकाचा अंक आणला, घरसजावटीचा. त्यात घराचे चार प्रकार आहेत.

पहिला आधुनिक. सगळ्या भिंती पांढऱ्या, काचेचा टेबल आणि घरात एकही माणूस नाही. दुसरा पारंपरिक. मातीच्या रंगाची भिंत, तिच्यावर सूप टांगलेलं, खाली बांबूची टोपली आणि कोपऱ्यात पाण्याचा पितळेचा गुंड. मी तुझ्या सासऱ्यांना हाक मारून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे तं आपलंच घर व. फोटो कवा काढला?" पन्नाशी आली तेव्हा मला कळलं की आपण सजावट करून राहत होतो. तिसरा राजस्थानी, आरशांच्या उशा आणि घरात झोपाळा. चौथा विदेशी. त्यात भिंतीतच शेकोटी आहे. त्या लोकांना मे महिन्यात एकदा आपल्याकडे बोलवायला पाहिजे.

तुला कोणता आवडतो तो नंबर कळव. रंगाचं कार्डही सोबत पाठवते, खूण कर. आणि हो, मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझी सासू,
रुखमाबाई


जांभळीटोला
२२ डिसेंबर २००१

चि. सौ. आचल हीस, आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि ओळी दोनच. "आई, रंग कोणताही चालेल. मला दार असलेली खोली हवी." पोस्टमनने ते रस्त्यातच वाचलं होतं, कारण देताना तो म्हणाला, "बाई, दार पाह्यजे म्हणते सून." आता सगळ्या गावाला माहीत झालं. शेजारची बायनाबाई तर विचारायलाच आली. म्हणाली, "एवढं घर हाये, तिले आणखी दार काऊन पाह्यजे व?" मी सांगितलं, मासिकात तसंच आहे.

वारलू मिस्त्रीला बोलावलं. माजघराचा तलावाकडचा भाग अडवून खोली करायची असं ठरलं. दोन दिवस तुझे सासरे जाळंच विणत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भिंत घातली का घर लहान होते." मला राग आला, पण रात्री पडल्या पडल्या तेच डोक्यात घोळत राहिलं. त्या माजघरात माझ्या दोन्ही नणंदांच्या लग्नाच्या बायका बसल्या होत्या, सगळ्या एकाच वेळी. रात्री कोण खोकलं, कोण झोपेत बडबडलं, कोण रडलं, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं. माझी सासू अंधारातूनच विचारायची, "काय झालं व?" मी म्हणायचे, काही नाही. मला तर यालाच घर म्हणतात असं वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं. तरी मी वारलूला सांगितलं, घाल भिंत.

विटा आल्या आहेत. खिडकी तलावाकडे. तुझ्या सासऱ्यांना ती लहान हवी होती, कारण म्हणे मांजर येते. मी मोठीच ठेवायला लावली. रंगाचं तू सांगितलं नाहीस म्हणून दुकानातून दुसरं रंगाचं कार्ड आणवलं आणि मीच ते घेऊन बसले. एकेका रंगाची नावं अशी की भूक लागावी. पिस्ता, केशर, बदाम, मलई. आधी पिस्ता ठरवला. मग वाटलं, तू गोरी, तुला गुलाबी शोभेल. भिंत काही तू अंगात घालणार नाहीस हे मला कळतं, पण मन तसंच चालतं.

पलंग मासिकातल्यासारखा खोलीच्या मधोमध ठेवायचा असं प्रफुलचं म्हणणं. मी म्हटलं, पलंगाभोवती फेऱ्या मारायच्या आहेत का तुला? तो लाजला. हा मुलगा लाजला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, लहानपणापासून. तू हे पाहिलंच असेल.

स्वयंपाकाला उभा ओटाही करते आहे. मला उभ्याने भाकर जमत नाही, पण तू उभी राहा, मी खाली बसेन. एका वेळी दोघींच्या चुली चालतील.

आचल, एक विचारते. घर नीट झालं की तू येशील ना? प्रफुलला मी विचारलं, तर तो म्हणाला, "पहिले होऊ दे." याचा अर्थ मला लागला नाही. त्याने तुला विचारलं नसेल, की विचारलं आणि तू नाही म्हणालीस? मला खरं ते कळव. मला लांबवलेलं सहन होत नाही.

रुखमाबाई


जांभळीटोला
१४ मार्च २००२

आचल,

परवा महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेहून परतताना तू आईवडिलांसोबत घरी आलीस. मी मार्कंड्याच्या देवाला इकडूनच हात जोडले. तू अंगणात पाऊल ठेवलंस तेव्हा असा आनंद झाला की मी चहात साखर दोनदा टाकली. तो चहा तुझ्या वडिलांनी तक्रार न करता प्यायला, भले माणूस आहेत.

मी तुला खोली दाखवली. गुलाबी भिंती, तलावाकडची खिडकी, पलंग, वर ट्यूबलाईट, कोपऱ्यात आरशाचं कपाट. बायनाबाईने त्या कपाटात तोंड पाहून घेतलं आणि आणखी चार जणींनी पाहिलं. तू आत गेलीस. भिंतीवरून हात फिरवलास. खिडकी उघडून पाहिलीस. तेव्हा हसत होतीस, मी पाहत होते. मग तू दार लोटलंस. दारामागे पाहिलंस, हात वरून खाली फिरवलास आणि तुझं तोंड उतरलं. दार पुन्हा उघडून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "चांगली झाली, आई." आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिलीस. जाताना पाया पडलीस. बस.

काय कमी होतं? सागवानाचं दार आहे. सुकलू सुताराने त्याच्यावर वेलबुट्टी कोरली आहे. सगळ्या टोल्यात असं दार नाही. तू दार मागितलंस, मी दार दिलं. तुझ्यासाठी मी नवऱ्याशी भांडले, माजघर अर्धं केलं, पोस्टमनपासून बायनाबाईपर्यंत सगळ्यांची बोलणी ऐकली. आणि तू दारामागे काय शोधत होतीस? धूळ?

तू गेल्यावर प्रफुल त्या खोलीत गेला नाही. सपरीत, बाहेर, खाटेवर झोपतो. मी म्हटलं, निदान तू तरी झोप तिथे. म्हणतो, "गरम होते." मार्च महिना आहे, पहाटे गोधडी लागते.

मला आता राग आला आहे आणि तो लिहिण्यासारखा आहे, म्हणून लिहिला. तुला यायचं नसेल तर तसं स्पष्ट सांग. घराला नावं ठेवून जाऊ नकोस. तू तोंडाने ठेवली नाहीस हे खरं, पण मला ऐकू आली.

रुखमाबाई


जांभळीटोला
२ एप्रिल २००२

चि. आचल,

मागचं पत्र फाडून टाक. नको, ठेव. रागही माझाच होता.

होळी झाल्यावर मी चंद्रपूरला माझ्या बहिणीकडे, कमलाकडे गेले होते. तिच्या नातवाचं बारसं होतं. घर माणसांनी भरलेलं. तिथे लुगडं बदलायचं होतं, म्हणून कमलाने मला आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून म्हणाली, "ताई, कडी लावून घे आतून." मी कडी शोधू लागले. ती दाराच्या आतल्या अंगाला होती, छोटीशी, पांढरी. लावली. खट्ट झालं.

बाहेर एवढा गलबला होता. बायका गाणी म्हणत होत्या, पोरं रडत होती. आणि आत कोणी येऊ शकत नव्हतं. मी लुगडं सोडलं तेव्हा सवयीने हात आधी झाकायला गेला. मग ध्यानात आलं की झाकायचं कोणापासून? मी तशीच उभी राहिले. एवढी म्हातारी झाले, मुलगा झाला, पण उजेडात, घाई न करता, इकडेतिकडे न पाहता मी कधी लुगडं नेसलेच नव्हते. तलावावर ओल्याने अंगावरच बदलायचं, घरी ढोलीमागे वाकून. एक कान नेहमी पावलांकडे. मला वाटायचं, लुगडं असंच नेसतात.

आचल, मी तिथे पलंगावर बसून रडले. तुझ्यासाठी नाही रडले, तुझी तर मला तेव्हा आठवणही नव्हती. माझ्यासाठीच रडले. कमलाने दार वाजवलं तेव्हा सांगितलं, पिन टोचली.

परतीच्या बसमध्ये मला तुझा हात दिसू लागला. दारामागे वरून खाली फिरलेला. तू कडी शोधत होतीस.

आपल्या दाराला कडी आहे, पण बाहेरून. आपल्याकडे आतल्या दारांना कडी बाहेरूनच असते, कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून. आतून लावायचा रात्रीचा आडणा फक्त पुढच्या दाराला. सुकलूने दार बसवताना मला विचारलं होतं, "बाई, आतून बी एक लावू का?" मी म्हटलं, "आतून काऊन? आत का चोर बसून राह्यते?" सगळे हसले. सुकलू, वारलू, तुझे सासरे, सगळे. प्रफुल तिथेच खिळे धरून उभा होता. तो हसला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या मी तेव्हा पाहिल्या असत्या तर.

घरी आल्या आल्या त्याला विचारलं. "तुले मालूम होतं का रे?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

तो जाळ्याची गाठ सोडवत राहिला. म्हणाला, "तुले कसं सांगू, आई? आमच्या खोलीले आतून कडी पाह्यजे, असं म्हणू?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण तो बरोबरच बोलला. मुलगा आईला हे कसं म्हणणार? आणि सून सासूला? आणि मी तरी माझ्या सासूला कुठे म्हटलं? अशी ही न बोललेली गोष्ट तीन माणसं आपापल्या जागी घेऊन बसली होती आणि त्यातली मी रंगाचं कार्ड पाहत होते. पिस्ता की गुलाबी.

तरी सांगते, सगळा दोष मी घेणार नाही. तू कार्डावर एक ओळ जास्त लिहिली असतीस तर पोस्टमनने वाचली असती, गाव चार दिवस हसलं असतं, पण मला कळलं असतं.

सुकलूकडून काल कडी बसवून घेतली. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तो गेल्यावर दुपारी मी एकटीच आत गेले आणि लावून पाहिली. म्हटलं, नीट लागते का बघू. पलंगावर बसले. खिडकीतून तलाव दिसत होता. इतकी वर्षं या घरात आहे, पण बसून तलाव पाहिला नव्हता. पाहायचा तो घागर घेऊन. तेवढ्यात तुझ्या सासऱ्यांनी बाहेरून हाक मारली, "कुठी हायेस व? चुना दे." मी ठरवलं होतं उठायचं नाही. पण हात आपोआप कडीवर गेला आणि कडी उघडली. चुना त्यांच्या समोरच्या कोनाड्यात होता. माझं आता असंच राहणार. हाक आली की मी उठणार, मग आत असो की बाहेर.

तुझं तसं होऊ नये असं मला वाटतं. हे मी रागाने म्हणत नाही.

खोली तुझी आहे. ये किंवा येऊ नकोस, पण खोली पाहून ठरव, मला पाहून नको.

तुझी,
रुखमाबाई


घरूनच
११ मे २००२, दुपार

आचल,

या पत्राला पोस्टाचं तिकीट नाही. तू खोलीत आहेस आणि मी सपरीत बसून लिहिते आहे. समोरासमोर बोलायचं म्हटलं तर मी चुकीचंच बोलते, हे आता दोघींनाही माहीत आहे. लिहून झालं की दाराखालून सरकवीन. खाली फट ठेवल्याबद्दल वारलूला मी तेव्हा रागावले होते, आता बरं वाटतं आहे.

तू येऊन पंधरवडा झाला. पहिल्या दुपारी तू आत गेलीस आणि कडी लागल्याचा आवाज आला. खरं सांगू? माझ्याच घरात माझ्यासाठी एक दार बंद झालं. मी तांदूळ निवडत होते, खडा कुठला आणि दाणा कुठला ते दिसेना. मला वाटलं, ही आता बाहेर येणारच नाही. घरात राहून माहेरी गेल्यासारखी राहील. त्या दिवशी तुझ्या सासऱ्यांचं म्हणणं मला पटलं, घर लहान झालं. मग चार वाजता तू बाहेर आलीस, केस विंचरलेले, डोळे झोपेने सुजलेले, आणि माझ्याजवळ बसून सूप ओढून घेतलंस. आपण दोघींनी तांदूळ निवडले. तू जे खडे काढलेस ते मला दिसलेच नव्हते.

तेव्हापासून रोज दुपारी ती कडी लागते. मी रोज थोडी दुखावते आणि रोज थोडी कमी दुखावते.

आज बायनाबाई आली होती. तुला ऐकू गेलंच असेल, तिचा आवाज तलावाच्या पलीकडे जातो. म्हणाली, "सून भर दुपारी कडी लावून काऊन बसली व? बिमार हाये का?"

मी म्हटलं, "नाई."

"मंग?"

झोपली आहे म्हणावं, तर ती म्हणणार दुपारची झोपते. शिवते आहे म्हणावं, तर ती म्हणणार दाखव. शेवटी मी म्हटलं, "तिची खोली हाये. बसली." बायनाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच ताप आला आहे. तिला दाखवायला म्हणून, मी अजून या घरची सासू आहे हे दाखवायला म्हणून, मी तुला मोठ्याने हाक मारली. "आचल! चहा ठेव व, बायनाबाई आली!"

आतून काहीच आलं नाही. पलंग वाजला नाही, बांगडी वाजली नाही. मी पुन्हा हाक मारणार होते. बायनाबाई वाट पाहत होती. तुझे सासरे जाळं खाली ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत होते. घरातलं सगळं थांबलं होतं. आणि मी पुन्हा हाक मारली नाही. उठले, चहा ठेवला. बायनाबाईला दिला. ती पिऊन गेली.

तू जागी होतीस हे मला माहीत आहे. घाबरलीही असशील. आता बाहेर येताना काय बोलावं याचा विचार करत बसली असशील. म्हणून हे लिहिते. काही बोलू नकोस.

माझी हाक तुला ऐकू आली आणि तू उठली नाहीस. बरं केलंस, पोरी.

तुझा चहा झाकून ठेवला आहे.

रुखमाबाई